बिनखर्चाचे दिवस आणि जंगलातल्या दोन जिल्ह्यांचा हिशोब

महिन्यातले आठ-दहा दिवस खिशाला हातच लावायचा नाही, असा नेम अलीकडे अनेक पगारदार घरांत धरला जातो. घरभाडे, कर्जाचा हप्ता, वीजबिल, मुलांची फी हे ठरलेले खर्च बाजूला ठेवायचे आणि वरखर्चाला ठरावीक दिवस सुट्टी द्यायची. ज्या दिवशी एक रुपयाही गेला नाही त्या तारखेवर खूण करायची आणि पुढच्या महिन्यात खुणा वाढवायच्या. कल्पना जुनीच आहे. जपानमध्ये हानी मोतोको या पत्रकार बाईंनी १९०४ मध्ये घरखर्चाची वही ठेवण्याची पद्धत रुजवली. कॅनडात १९९२ मध्ये काहीही विकत न घेण्याचा एक दिवस पाळायला सुरुवात झाली आणि ती प्रथा पुढे पुष्कळ देशांत गेली. आपल्याकडे २०१६ मध्ये यूपीआय आले. चहापासून कोथिंबिरीच्या जुडीपर्यंत सगळे मोबाइल दाखवून घेता येऊ लागले, आणि नोट मोडताना माणूस जो क्षणभर थांबायचा ते थांबणे संपले. त्यामुळे हा नेम धरावासा वाटणे अगदी रास्त आहे. मात्र त्याबद्दलचे बहुतेक सल्ले एकट्या माणसाच्या मनोनिग्रहावर उभे आहेत. पैसा न खर्चता गेलेला दिवस मुळात कशाच्या जोरावर जातो, हे कोणी फारसे विचारत नाही. ते तपासायचे तर जिथे असे दिवस पिढ्यान्‌पिढ्या रोजच्या जगण्याचा भाग आहेत तिथे जायला हवे. महाराष्ट्रात ती जागा म्हणजे चंद्रपूर आणि गडचिरोली.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा जवळजवळ तीन चतुर्थांश जंगलाने व्यापलेला आहे. चंद्रपुरात एकीकडे कोळशाच्या खाणी, औष्णिक वीज केंद्र, बल्लारपूरचा कागद कारखाना आणि महिन्याच्या महिन्याला येणारा पगार आहे. दुसरीकडे ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, सावली या तालुक्यांत धान आणि जंगल यांवर चालणारे घर आहे. या दुसऱ्या प्रकारच्या घरात पैसा बारमाही वाहत नाही. तो ठरावीक वेळी येतो: धानाचे चुकारे मिळाले की, तेंदूचा हंगाम संपला की, रोजगार हमी योजनेची (रोहयो) मजुरी खात्यात पडली की. मधले कितीतरी दिवस नोटेचे तोंड न बघता जातात. बाहेरून पाहणाऱ्याला हे सगळे दिवस सारखेच दिसतात. माझ्या मते त्यांत तीन अगदी वेगवेगळ्या जाती आहेत, आणि त्या वेगळ्या न केल्यानेच या विषयावरची बरीच चर्चा भरकटते. काही दिवस भरलेले असतात, म्हणजे गरज भागलेली असते आणि पैसा लागलेला नसतो. काही दिवस रिकामे असतात. गरज असते, पैसा नसतो, म्हणून ती मारली जाते. आणि काही दिवस उधारीचे असतात. खर्च झालेला असतो, फक्त तो दुकानदाराच्या वहीत चढलेला असतो.

भरलेल्या दिवसाच्या पोटात काय काय असते ते जरा जवळून पाहू. घरचा तांदूळ असतो. पावसाळ्यात बांबूचे कोवळे कोंब, म्हणजे वास्ते, आणि तरोट्याची भाजी असते. पहिल्या पावसांनंतर रानातल्या सात्या, म्हणजे अळंबी, असतात. माजी मालगुजारी तलावांतली, इकडच्या बोलीत मामा तलावांतली, मासळी असते. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेले हे तलाव धानाला पाणी देतात आणि ताटात मासा देतात. मार्च-एप्रिलमध्ये मोह गळतो. पहाटे अंधार असतानाच बायका-मुले झाडाखाली पोचतात, एकेक फूल वेचून टोपली भरतात आणि अंगणात पसरून ते खडखडीत वाळवतात. वाळलेले फूल महिनोन्‌महिने टिकते. ते शिजवून खातात, भाजून खातात, गुरांना घालतात. पुढे फळ धरले की बियांचे तेल निघते. यातल्या कशासाठीही दुकानाची पायरी चढावी लागत नाही. आपल्या सरकारी आकडेवारीलाही हे ठाऊक आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीत घरखर्च मोजताना घरी पिकवलेले आणि फुकट गोळा केलेले अन्नही स्थानिक भावाने किंमत लावून धरले जाते. २०२२-२३ च्या पाहणीत ग्रामीण भारताचा दरडोई मासिक खर्च ३,७७३ रुपये निघाला तो हे सगळे धरून. सरकारी योजनांतून फुकट मिळालेल्या वस्तूंची किंमत मिळवली की तो ३,८६० होतो. खर्च न करणे आणि उपभोग न घेणे या दोन गोष्टी एक नाहीत, हे पाहणी करणाऱ्यांनी फार आधीच मान्य केले आहे. नेम धरणाऱ्यांनी ते अजून पुरते मान्य केलेले नाही.

आता रिकामे दिवस. धान खरेदी केंद्रावर दिलेले असते आणि चुकारे आलेले नसतात. रोहयोचे काम झालेले असते आणि मजुरी बँकेत अडकलेली असते. भामरागड किंवा एटापल्लीच्या आतल्या गावातून बँकेपर्यंत जायचे तर एक दिवस मोडतो आणि त्या दिवसाची मजुरीही बुडते. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा बाद झाल्या, मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा सगळ्या देशावर एकदम बिनखर्चाचे दिवस लादले गेले. त्या काळात आठवडी बाजार ओस पडले ते कोणाच्या संयमामुळे नव्हे. अशा दिवशी घरातले कोणीतरी कमी जेवते, आणि ते बहुतेक वेळा घरातली बाई असते. ताप अंगावर काढला जातो. मुलाची वही पुढच्या आठवड्यावर जाते. कॅलेंडरवरची खूण मात्र भरलेल्या दिवसासारखीच दिसेल. रोजगार हमीच्या सुरुवातीच्या काळात पागे समितीने शेतमजुराचे किमान वेतन दिवसाला ४ रुपये ठरवले होते. डॉ. अभय बंग यांनी मजुराला लागणाऱ्या आहाराचा आणि गरजांचा नीट हिशोब मांडून ते १२ रुपये असायला हवे असे दाखवून दिले. गरिबाचा खर्च कमी दिसतो तेव्हा त्याची गरजच कमी आहे असे धरून चालणे किती महागात पडते, याचा याहून स्पष्ट दाखला मराठीत सापडणे कठीण. ‘ते लोक बघा, किती कमी पैशात सुखाने राहतात’ हे वाक्य कौतुकाने उच्चारले तरी त्यात तीच चूक असते.

भरलेला दिवसही फुकटचा नसतो, हे तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. त्याची किंमत वेळात आणि जिवात मोजली जाते. तेंदूचा हंगाम हे तर रोख पैशाचे काम, पण त्यातून मोल कसे मोजले जाते ते दिसते. उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांचाच हा हंगाम. पहाटे जंगलात जाऊन पाने तोडायची, दुपारी घरी बसून निवडायची, सत्तर पानांचा एक पुडा बांधायचा आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन मोजून द्यायचा. अशा हजार पुड्यांची, म्हणजे सत्तर हजार पानांची, एक प्रमाण गोणी होते. या कष्टातून आलेल्या पैशावर पुढचा पावसाळा निघतो. बियाणे, खत, मुलांचे कपडे त्यातूनच होतात. आणि हे जंगल वाघाचेही आहे. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात ठार झाल्या. मोह वेचताना, सरपण आणताना, गुरे चारताना असे मृत्यू या पट्ट्यात वर्षानुवर्षे होत आले आहेत. म्हणून रानातून आणलेल्या भाजीपुढे शून्य रुपये लिहिणारा हिशोब मला अर्धवट वाटतो. त्या शून्यामागे पहाटेचे चार तास आणि एक धोका उभा असतो, आणि तो धोका मुख्यतः बायका पत्करतात.

मग या दिवसांत वाढवण्यासारखे काय आहे? इथे वर्ध्याकडचा एक प्रयोग आठवणे भाग आहे. १९५० मध्ये विनोबा भावे यांनी पवनारच्या परमधाम आश्रमात कांचनमुक्तीचा प्रयोग आरंभला. पैशावर उभ्या असलेल्या संस्था पैशाच्याच आज्ञेत राहतात, तेव्हा आश्रमाने आपले अन्न-वस्त्र श्रमातून मिळवावे आणि पैशाचा व्यवहार टप्प्याटप्प्याने सोडावा, असा तो निश्चय होता. बैल नाहीत, हाताने जमीन कसायची, माणसांनी रहाट ओढून विहिरीचे पाणी काढायचे. त्या काळातल्या शिकलेल्या तरुणांसाठी ही कठोर साधना होती आणि तिच्यातून पुष्कळ काही शिकायला मिळाले. पण विनोबा स्वतः पुढच्याच वर्षी बाहेर पडले आणि १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीला भूदानाला सुरुवात झाली. मला यात एक महत्त्वाची दिशा दिसते. आश्रमाच्या कुंपणातला संयम पुरेसा नाही. ज्याच्याजवळ जमीनच नाही त्याने पैशावाचून कसे जगायचे, हा प्रश्न जमिनीच्या मालकीपाशी जाऊन थांबतो. भूदानातून ग्रामदान आले आणि महाराष्ट्राने १९६४ मध्ये ग्रामदानाचा कायदा केला.

त्या कायद्याचा आधार अर्ध्या शतकाने, २०१३ मध्ये, गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाने घेतला आणि आपली शेतजमीन ग्रामसभेच्या नावे करण्याचा ठराव केला. त्याआधी २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला होता. मर्दा गावाबरोबर मिळालेला हा देशातला पहिलावहिला सामूहिक वनहक्क. २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश मेंढ्यात आले आणि बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. देवाजी तोफा आणि चंद्रपूरच्या वृक्षमित्र संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांची त्यामागे दशकांची मेहनत होती. एकमताने निर्णय, अभ्यासगट आणि गावाचा स्वतःचा कोष या तीन गोष्टींवर हे गाव उभे राहिले. बांबू विकून लक्षावधी रुपये आले, म्हणजे मेंढा पैशापासून पळालेले गाव नाही. तिथे पैसा येतो तो गावाच्या अटीवर. कोषात शिल्लक असली की आजारपणात सावकाराकडे जावे लागत नाही, आणि उधारीचा दिवस आपोआप कमी होतो. एकट्या कुटुंबाला कितीही निग्रह केला तरी हे साधत नाही.

चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावची गोष्ट याहूनही पुढे जाते, आणि सबंध प्रश्नात मला तीच सर्वांत बोलकी वाटते. २०१२ मध्ये पाचगावला सुमारे हजार हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. गावाने बांबूची तोड आणि विक्री स्वतः हाती घेतली, गावातच रोजगार उभा केला. आणि मग ग्रामसभेने ठरवले की तेंदूपाने तोडायची नाहीत. पाने तोडण्यासाठी झाडे छाटली जातात, चांगला पाला फुटावा म्हणून आगी लावल्या जातात, त्यात जंगलाचे नुकसान होते, आणि शेवटी त्या पानाची विडी होते जी माणसाच्या छातीचे नुकसान करते. हंगामातली हमखास रोकड एका गावाने एकमताने सोडली. झाडे छाटली जात नसल्याने टेंभुर्णी, म्हणजे तेंदूची फळे, पिकून खायला मिळू लागली. जंगलाचा काही भाग कोणीही हात लावायचा नाही म्हणून देवराईसारखा राखून ठेवला. पैसा नाकारण्याची ही ताकद गरिबीतून आलेली नाही. बांबूचे उत्पन्न पक्के झाले, उद्याची भाकरी सुरक्षित झाली, तेव्हाच तेंदूला ‘नको’ म्हणता आले. संयम आधी आणि सुरक्षितता नंतर, असा जो क्रम आपण मनात धरून चालतो, तो पाचगावने उलटा करून दाखवला आहे.

याच जिल्ह्यांनी खर्च थांबवण्याचा आणखी एक सामूहिक प्रयोग केला आहे, दारूबंदीचा. मोठ्या जनआंदोलनानंतर १९९३ मध्ये गडचिरोलीत दारूबंदी लागू झाली. चंद्रपुरात महिलांनी लढून ती १ एप्रिल २०१५ पासून आणली आणि २०२१ मध्ये सरकारने ती उठवली. बंदीचा फारसा उपयोग नाही, चोरटी दारू मिळतच राहते, हा आक्षेप खोटा नाही. कागदावरच्या बंदीने खर्च थांबत नाही. पण ज्या गावात बायकांनी संघटित होऊन विक्रेत्याचे दार बंद केले तिथे फरक पडला, हेही तितकेच खरे आहे. २०१६ पासून गडचिरोलीत चाललेले मुक्तिपथ अभियान दारू आणि तंबाखू दोन्हींबाबत याच गावपातळीवरच्या ताकदीवर भर देते. पूजेला लागणारी मोहाची थोडी दारू आणि रोज संध्याकाळी मजुरी गिळणारा गुत्ता यांना एकच माप लावणे अन्यायाचे होईल, आणि गोंड समाजातही हा भेद केला जातो. दारूपेक्षाही सर्वदूर पोचलेला खर्च खर्ऱ्याचा आहे. टपरीवर सुपारीची बारीक कात्रण, तंबाखू आणि चुना एका पन्नीत घेऊन फळकुटावर घासघासून त्याची पुडी केली जाते. ती खिशात राहते आणि दिवसभर थोडी थोडी गालात जाते. शाळकरी पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत आणि बायकांमध्येही ही सवय आहे. रेशनवर जानेवारी २०२३ पासून धान्य फुकट मिळते आणि त्याच घरातून रोज खर्ऱ्यासाठी नोट बाहेर जाते. ही गळती तोंडाच्या कर्करोगापर्यंत जाऊन पोचते. बिनखर्चाचा दिवस मोजायचाच असेल तर विदर्भात तो खर्ऱ्यापासून मोजायला सुरुवात करावी, असे माझे ठाम मत आहे.

यावर तीन आक्षेप घेतले जातात आणि तिन्ही विचार करण्यासारखे आहेत. पहिला असा की एकाचा खर्च ही दुसऱ्याची कमाई असते. सगळ्यांनीच हात आखडला तर आठवडी बाजारात वास्ते आणि सात्या घेऊन बसलेल्या बाईने काय करायचे? हे अगदी खरे आहे, आणि म्हणूनच सगळा खर्च सारखा मानणारा नेम चुकीचा आहे. त्या बाईला दिलेले पन्नास रुपये तालुक्यातच फिरतात. मोबाइलवर मागवलेल्या वस्तूचे पन्नास रुपये संध्याकाळपर्यंत जिल्ह्याबाहेर जातात. बाजाराचा दिवस बिनखर्चाच्या मोजणीतून वगळावा. दुसरा आक्षेप तरुणांचा आहे. आम्हाला मोटारसायकल हवी, फोन हवा, नागपूर-पुण्याला शिकायचे आहे. कमी खर्चाचे गोडवे आम्हाला जंगलातच डांबून ठेवण्यासाठी आहेत का? सुरजागडच्या लोहखनिजाच्या खाणीबरोबर एटापल्ली-आलापल्लीच्या रस्त्यावर ट्रक आणि मजुरी दोन्ही आले आहेत, तेव्हा हा प्रश्न आता टाळता येत नाही. शिक्षण, दवाखाना आणि प्रवास यांवरचा खर्च कमी करण्याचा उपदेश या मुलांना कोणी करू नये. त्यांच्या बाबतीत विचार करायचा तो इतकाच की खाणीतली मजुरी थांबली तर मागे काय उरते. जंगल आणि ग्रामसभेचा कोष शाबूत असेल तर काही उरते. तेही गेले असेल तर फक्त हप्ता उरतो. तिसरा आक्षेप शहरातल्यांचा: आमच्याकडे ना जंगल ना मामा तलाव, आम्ही काय करायचे? त्यांच्यापुरता भरलेला दिवस म्हणजे वाचनालय, सोसायटीतल्या मुलांची पुस्तके आणि गणवेश पुढच्या घरी देणे, एकमेकांच्या अडीअडचणीला उभे राहणे, सरकारी दवाखाना चांगला चालावा म्हणून आग्रह धरणे. ही सामायिक साधने आहेत, आणि ती जितकी मजबूत तितका खिशावरचा भार हलका.

सगळे तपासून माझा निष्कर्ष असा आहे की बिनखर्चाच्या दिवसांची संख्या हे माप म्हणून फारसे कामाचे नाही. त्या दिवशी पैशाच्या जागी काय उभे होते ते नोंदवले पाहिजे: घरचे धान्य, गावाचे जंगल, शेजाऱ्याची मदत, की उपास, की उधारी. पहिल्या तिन्हींचे दिवस वाढवावेत, शेवटच्या दोहोंचे घटवावेत. घरखर्चाची वही ठेवणाऱ्या प्रत्येकाने खर्चाच्या रकान्याशेजारी हा एक रकाना आखावा; ग्रामसभांनी गावापुरती अशी नोंद वर्षभर ठेवली तर सामूहिक वनहक्काचा घराला नेमका किती आधार होतो हे अधिकाऱ्यांपुढे मांडायला त्यांच्या हाती पुरावा येईल. आणि चंद्रपूर, बल्लारपूर, गडचिरोली शहरांतल्या वाचकांना एक विनंती. पुढच्या महिन्यात नेम धरणार असाल तर खर्रा, हप्त्यावरची खरेदी आणि मोबाइलवरून मागवलेल्या वस्तू बंद करा. रविवारच्या बाजारात रानभाजी घेऊन बसलेल्या बाईशी मात्र भाव पाडून घेऊ नका.